तिसऱ्यांदा बंद पडला तर पुणे

गायत्री माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती चुकून. तिला शेजारी साजिदकडं जायचं होतं. साजिद चपला विकतो आणि मी कॉम्प्युटरचं सामान. मुरुम गावात बाजारच्या दिवशी आमच्या दोन्ही दुकानांपुढं इतकी गर्दी असते, की माणूस चढतो एका पायरीवर आणि पोचतो दुसऱ्याच दुकानात.

तिच्या एका हातात अंगठा तुटलेली चप्पल होती आणि काखेत फुलाफुलांचा उशीचा अभ्रा.

"हा अंगठा शिवून मिळंल का?"

"मिळंल. शेजारी."

ती वळली, आणि माझ्या शोकेसकडं बघून थांबली. तिथं मी हब मांडले होते. नव्या लॅपटॉपला एक-दोनच बारीक टाईप-सी भोकं असतात. चार्जर, मोठा पडदा, नेटची वायर, माऊस हे सगळं एकाच भोकातून चालवायचं तर मधे हब लागतो. प्रत्येक हब मी आधी आठ दिवस माझ्या टेबलावर लावून बघायचो आणि मग त्याच्या खोक्यावर स्केचपेननं लिहायचो. 'तापतो.' 'नेट सोडतो.' 'वायर कच्ची.' 'पडदा थरथरतो.'

"हे विकायला ठेवलेत?" तिनं विचारलं.

"हो."

"असं लिहून?"

"खरं आहे ते."

"मग विकतात का?"

"नाही."

ती हसली. चप्पल हातात धरून एका पायावर उभं राहून हसणारी मुलगी मी तोवर बघितली नव्हती. मग तिनं अभ्र्यातून लॅपटॉप काढला. अभ्रा तिच्या आईनं लॅपटॉपच्या मापाचा शिवला होता, चेन लावून. तिला एका विमा कंपनीच्या मराठी हेल्पलाईनवर नोकरी लागली होती. काम घरूनच. लॅपटॉप कंपनीचा, त्याला भोकं दोन. आणि कंपनीचा नियम असा, की नेट वायरनंच जोडायचं, पडदे दोन पाहिजेत, आणि पहिल्या महिन्यात आपल्या बाजूनं तीनदा लाईन तुटली तर घरचं काम बंद, पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं.

"ज्यावर 'चांगला' लिहिलंय तो द्या," ती म्हणाली.

"तसं अजून कशावरच लिहिलेलं नाही. एक नवा आलाय, आठ दिवस लावून बघतो. मग या."

"सोमवारपासून ड्यूटी हाय माझी."

मी माझ्या टेबलाखाली हात घातला, माझ्याच हबच्या पाच वायरी उपटल्या आणि तो तिला दिला. दोन वर्षं चाललेला होता. साजिद मधल्या कठड्यावरून बघत होता.

"क्या शंभू," तो म्हणाला, "मला दोन वर्षांत एक पेनड्राईव्ह उसना दिला न्हाईस!"

मंगळवारी ती परत आली. नवी चप्पल घालून.

"चाळीस मिनिटं झाली आणि नेट गेलं. पडदा काळा. एक आजोबा मला गाईच्या विम्याचं सांगत होते, गाय विहिरीत पडली तिथंच लाईन तुटली."

"मग गायीचं काय झालं?"

"तेच मला कळलं न्हाय ना!" ती वैतागून म्हणाली. "एकदा झालं. अजून दोनदा, की पुणं."

मी तो हब दिवसभर दुकानात चालवला. पडदा, नेट, चार्जर, प्रिंटर सगळं लावून. दर तासाला पालथा हात लावून बघितला. काही झालं नाही. तरी मी तिला दुसरा दिला, ॲल्युमिनियमचा, शंभर वॉटचा चार्जर झेपणारा. त्या आठवड्यात तिला रोज दुकानात यायला काही ना काही कारण होतं. कधी वायर बदलायला, कधी सगळं नीट चाललंय हे सांगायला. नीट चाललंय हे सांगायला गिऱ्हाईक कधी येत नाही, हे मला साजिदनं लक्षात आणून दिलं.

यायची तेव्हा ती हेल्पलाईनच्या आवाजात बोलायची.

"नमस्कार, मी गायत्री. आपली काय मदत करू शकते?"

"..."

"ग्राहकाचा आवाज येत नाहीये. ग्राहकानं कृपया तोंड उघडावं."

मला उत्तर सुचायचं, पण ती पायरी उतरून गेल्यावर. एकदा तिनं माझं स्केचपेन घेतलं, एका रिकाम्या खोक्यावर काहीतरी लिहिलं आणि खोकं माझ्यासमोर ठेवलं. 'बोलत नाही.'

"हे कुठल्या हबचं?" मी विचारलं.

"हबचं न्हाय," ती म्हणाली, आणि गेली.

ती असती तर इथं म्हणाली असती, की मी तसं काही लिहिलंच नव्हतं, शंभूला सगळं वाढवून सांगायची सवय हाय. आता ती नाही, तर दोन्ही बाजू मलाच सांगायच्या आहेत. तिनं लिहिलं होतं.

शुक्रवारी दुसरा हबही चाळीस मिनिटांनी गेला. ती आली, पण त्या दिवशी हेल्पलाईनचा आवाज नव्हता. स्टुलावर नुसती बसून राहिली.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "आप्पा म्हणतात, एका खुंट्याला पाच जनावरं बांधल्यावर खुंटा हलणारच." तिचे वडील रेवणसिद्ध आप्पा जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. "मला पुण्याला न्हाय जायचं हो. तिथं खोलीत चौघी-चौघी राहतात. आणि..."

"आणि काय?"

"आणि काय. तुम्हीच सांगा, आणि काय."

मी म्हणालो, "मोठा डॉक मागवतो सोलापूरहून. हबच तो, पण त्याला स्वतःचा अडॅप्टर असतो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की साजिदनं पलीकडं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला.

"मागवा डॉक," ती म्हणाली. "उद्या सुट्टी हाय. रविवारी घरी येऊन तुम्हीच लावून द्या. अकराला ड्यूटी सुरू होते माझी."

रविवारी दहाला मी डॉक घेऊन गेलो. गायत्री आईला, कस्तुराबाईंना, अव्वा म्हणायची. त्यांच्या घरात उघडं असं काहीच नव्हतं. फ्रिजवर झालर, मिक्सरला फ्रॉक, रिमोट प्लास्टिकमध्ये, इन्व्हर्टरवर अर्धी साडी. टीव्हीचा पडदा नाटकाच्या पडद्यासारखा दोन्ही बाजूंना सारायचा होता. आप्पा खुर्चीत बसले होते. त्यांच्या चष्म्याच्या घरालासुद्धा खोळ होती.

गायत्रीचं टेबल मागच्या खोलीत. लॅपटॉप सकाळपासून चार्जिंगला होता, मोठा पडदा चालू होता. हब मला दिसेना.

"कुठंय?"

"पडद्यामागं, खिडकीत," ती म्हणाली. "अव्वा लावते तिथं."

मी पडदा सरकवला. खिडकीत माझा ॲल्युमिनियमचा हब होता. त्यानं स्वेटर घातला होता.

लाल लोकरीचा, जाड, डबल विणीचा स्वेटर. प्रत्येक भोकाच्या जागी काज केलेलं होतं, आणि काजाला पिवळी किनार. एका कोपऱ्यात गोंडा.

कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. "धूळ लई बसती बघा हितं. आन् ही पोरगी तसंच उघडं टाकती. पहिल्याच दिशी माप घेतलं म्या. पहिल्याची निळी टोपी केलती, ह्येची लाल. कशी झालीय?"

मी हब हातात घेतला. तव्यावरून काढलेली भाकरी असते तसा लागला. लोकरीत गुंडाळलेला, पाच वायरी लावलेला हब. चाळीस मिनिटं काढत होता तेच पुष्कळ होतं.

गावात माझी एकच ओळख होती, मी तोंडावर खरं बोलतो. पण कस्तुराबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि त्यांच्या बोटांवर सुयांचे घट्टे होते.

"लई भारी झालीय," मी म्हणालो.

"मग बिघाड कशात हाय?"

"हबमध्येच. माझी चूक. मालच खराब निघाला."

गायत्रीनं माझ्याकडं बघितलं. मग पुढं होऊन हबला बोट लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"बरं झालं सापडलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आना ती नवी पेटी हिकडं, माप घेते. हिरवी लोकर हाय माझ्याकडं." आणि त्या आत टेप आणायला गेल्या.

गायत्री हळू आवाजात म्हणाली, "शोकेसमधल्या एका हबला चांगलं म्हणत न्हाय तुम्ही. आणि आईच्या टोपीला लई भारी?"

"चांगली आहेच ती. विणकाम चांगलं आहे."

"खोटं बोललात."

"हो."

"तिची चूक तुमच्यावर घेतली."

"हो."

"आणि आता ती त्या डॉकलापण घालणार. मग तो तापणार. मग तिसऱ्यांदा लाईन तुटणार, आणि मी पुण्याला जाणार. हे सगळं होईल, पण आईला वाईट वाटणार न्हाय. असंच ना?"

मी त्याचा विचार केला नव्हता. तोवर टेप आला. कस्तुराबाई डॉकवर वाकून माप घेऊ लागल्या. मी गायत्रीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि यावेळी मदत करणार नव्हती.

"मावशी," मी म्हणालो, "मघाशी मी खोटं बोललो."

टेप थांबला.

"हब चांगला आहे. पहिलाही चांगला होता. टोपीमुळं तो तापतो. त्याला हवा लागते, नाही मिळाली की आधी नेट सोडतो, मग पडदा. हा डॉकसुद्धा नको. मी परत नेतो."

बाहेर आप्पांची खुर्ची करकरली. कस्तुराबाई सावकाश उठल्या.

"म्हंजी माझ्यापायी पोरीची नोकरी चालली व्हती?"

"हो."

"आन् तुमी माल खराब म्हनालात. स्वतःच्या दुकानाचा."

"हो."

"का म्हनून?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्या माझ्याजवळ आल्या. अहो-जाहो तिथंच संपलं.

"मला वाईट वाटलं तर तुला रं काय करायचंय?"

मी खिडकीकडं बघितलं. दाराकडं बघितलं. दारात आप्पा येऊन उभे होते. गायत्रीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं आणि ती जमिनीकडं बघत होती, पण तिचे कान माझ्याकडं होते हे मला स्पष्ट दिसत होतं.

"करायचंय," मी म्हणालो.

"काय?"

"म्हणजे... यापुढं तुम्हाला वाईट वाटलं तर... मला करायचंय."

वाक्य धड झालं नाही. पण आप्पा म्हणाले, "कस्तुरा, पाव्हण्याला बसाय दे की. मघाधरनं उभा हाय." दुकानदाराला पाव्हणा म्हणण्याइतकं ते वाक्य त्यांना पोचलं होतं.

कस्तुराबाई लेकीकडं वळल्या. "तुला ठावं व्हतं का गं हे?"

"मला आत्ता कळलं. तुझ्याबरोबरच," गायत्री म्हणाली. हे तिचं खोटं. "अकरा वाजले. ड्यूटी हाय माझी." तिनं हेडफोन घातला आणि आम्हा तिघांकडं पाठ केली.

कस्तुराबाईंनी स्वतःच्या हातानं हबचा स्वेटर उतरवला. तो उतरवताना त्यांनी एकही वायर हलू दिली नाही. मी एक स्टीलची ताटली पालथी घालून हब तिच्यावर कडेवर उभा केला, सगळीकडून वारा लागेल असा. मग आम्ही तिघं ओळीनं बसलो. मी, आप्पा, कस्तुराबाई. दूध उतू जायची वाट बघावी तसे हबच्या बारक्या दिव्याकडं बघत. गायत्री पुढं बोलत होती. "नमस्कार, मी गायत्री." "आपला पॉलिसी क्रमांक सांगता का?" "नाही काका, बैलाचा विमा वेगळा असतो." इथं आप्पांनी मान हलवली.

तीस मिनिटं झाली. कस्तुराबाईंचे हात मोकळे राहीनात, त्यांनी माझ्या शर्टाच्या बाहीचा सुटलेला दोरा तोडून टाकला. पस्तीस झाली. आप्पा हातातलं घड्याळ डोळ्याजवळ नेऊन मोजत होते.

"चाळीस," ते म्हणाले.

कस्तुराबाई दिव्याकडं आणखी वाकल्या.

"एकेचाळीस... त्रेचाळीस."

मी उठून हबला पालथा हात लावला. कोमट होता. नुसता कोमट.

गायत्रीनं माईक बंद केला आणि खुर्ची आमच्याकडं फिरवली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज अगदी हेल्पलाईनचा होता.

"अव्वा, आप्पा, मला पुण्याला न्हाय जायचं. मला कुठंच न्हाय जायचं. फार तर इथून तीन गल्ल्या सोडून."

माझं घर तिथून तीन गल्ल्या सोडून होतं.

मग तिनं खुर्ची परत फिरवली, माईक चालू केला आणि म्हणाली, "होल्डवर थांबल्याबद्दल धन्यवाद."

तीन गल्ल्या सोडून ती साडेतीन वर्षं राहिली, तिच्या शेवटपर्यंत. माझ्याकडंही तिचं टेबल मागच्याच खोलीत होतं. रोज कामाच्या मधे केव्हातरी ती माईक बंद करायची आणि खुर्ची फिरवून मला काहीतरी सांगायची. बहुतेक वेळा जेवणाचंच असायचं. चटणी वरच्या फळीवर आहे, भात झाकून ठेव, एवढंच. ते ऐकायला मी दुपारी दुकानातून दहा मिनिटं लवकर निघायचो.