डाव्या डोळ्याचा पाव नंबर

तो दाराच्या फटीशी उभा राहून काहीतरी पुटपुटत होता. फटीतून आतल्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसायचा. चष्मा लावून तो शेवटची ओळ वाचायचा, मग चष्मा काढून डोळे मिटायचा आणि ओठ हलवत तीच ओळ पुन्हा म्हणायचा... पाढे पाठ करावेत तसा. दुपारची वेळ, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या. मी जेवणाचा डबा धुऊन परत येत होते. त्याला माझी चाहूलही लागली नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे नंबर काढायचं काम माझ्याकडे होतं. मी मागच्या दारानं आत गेले, भिंतीवरचा तक्ता उलटा करून टांगला आणि मग त्याला हाक मारली. पाठीमागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती.

चष्मा काढून तो ऐटीत खुर्चीवर बसला. मी काही विचारायच्या आत त्यानं शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

“छान,” मी म्हणाले. “आता भिंतीवर जी आहे, तीसुद्धा वाचा.”

तो पुढे झुकला. डोळे बारीक केले. हळूहळू त्याचे कान लाल झाले आणि मग तो असा मोकळा हसला, की मलाही हसू आवरेना.

दोन्ही डोळ्यांना पावणेतीन नंबर होता. मी नंबर लिहून घेत असताना त्यानं सगळी हकिगत सांगितली. त्याला हवाई दलात जायचं होतं, विमान चालवायचं होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि डोळ्यांच्या तपासणीत चष्म्यामुळे त्याला परत पाठवलं. सध्या तो गाडी शिकवायच्या शाळेत लोकांना गियर आणि क्लच शिकवत होता. तक्ता पाठ करायची अक्कल एका मित्रानं दिली होती. मी विचारलं, विमानही पाठ करूनच उडवणार आहात का? त्यावर तो म्हणाला, शिकवणारं माणूस चांगलं मिळालं तर तेही जमेल. आणि माझ्याकडे बघितलं — म्हणजे बघितल्यासारखं केलं. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा म्हणजे नुसता एक गोल दिसत होता, हे त्यानं नंतर कबूल केलं.

डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून नियम समजावले. त्या उगाच गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. लेझरनं नंबर घालवता येईल, पण आधी सहा महिने नंबर जागचा हलता कामा नये. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पुरेसा जाड हवा. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर थांबायचं, दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायचं. ते सगळे कागद जोडून सैन्याच्या वैद्यकीय मंडळाकडे खास सूट मागायची. उरलेला नंबर पावाच्या वर गेला, तर अर्ज उघडूनही बघत नाहीत. आणि सगळं जमून आलं तरी सूट द्यायची की नाही, ते त्यांच्या मर्जीवर. त्याचं वय बघता अर्ज एकदाच करता येणार होता. हे ऐकल्यावर तो म्हणाला, चालेल.

पुढचे सहा महिने तो येत राहिला. दवाखान्यात सगळे त्याला ‘पायलट’ म्हणू लागले. सुरुवातीला कौतुकानं, मग चिडवायला, मग नुसतं नाव म्हणून. तो मला आधी ‘अहो मॅडम’ म्हणायचा. हळूहळू ‘मॅडम’ गळून पडलं आणि नुसतं ‘अहो’ उरलं. एकदा बाहेर बसलेल्या एका आजींनी ते ऐकलं आणि मला विचारलं, “काय गं, तुमच्यात उलटं असतं का? नवरा बायकोला अहो म्हणतो?” त्या दिवशी मी तीन जणांचे नंबर दोनदोनदा काढले. एकदा काढलेल्यावर माझाच भरवसा नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याची थट्टामस्करी कुठल्या कुठे गेली होती. डोळे बधिर करायचे थेंब मीच घातले. आतल्या खोलीत तो पाठीवर निजला, डॉक्टरबाईंनी पापण्या उघड्या धरायचा चिमटा बसवला आणि हिरव्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. यंत्र टक्टक् करू लागलं. केस जळल्यासारखा तो वास पहिल्यांदा आला, की भल्याभल्यांना घाम फुटतो. त्याचा हात अंगावरच्या चादरीवर काहीतरी शोधत होता. मी हात पुढे केला आणि सेकंद मोजत राहिले. एक... दोन... तीन... माझं काम मोजण्याचंच होतं, हात देण्याचं नव्हतं. बावीसला यंत्र थांबलं. हात काही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काळा चष्मा लावून आला. मी तो काढायला लावला आणि तक्त्याकडे बोट दाखवलं. तो तक्त्याकडे बघेचना.

“तुमच्या ओठाच्या वर तीळ आहे,” तो म्हणाला. “सहा महिने येतोय मी इथं, आल्या आल्या चष्मा काढून ठेवायला लावता... मला कुणी सांगितलंच नाही.”

मी रागावल्याचं सोंग आणलं आणि त्याला शेवटची ओळ वाचायला सांगितली. त्यानं ती वाचली. खरोखरची, भिंतीवरची.

वर्ष थांबायचं होतं. आज मागे वळून बघते तेव्हा आयुष्यातलं सगळ्यात भरलेलं वर्ष तेच वाटतं, आणि तेव्हा आम्ही दोघं ते कधी संपेल म्हणून दिवस मोजत होतो. थेंबांची आठवण करून द्यायला मी त्याला फोन करायची. दिवसातून चार वेळा थेंब, म्हणून चार फोन. महिन्याभरानं थेंब दोनदाच घालायचे होते. फोन काही कमी झाले नाहीत. मग मी त्याच्याच शाळेत गाडी शिकायचं ठरवलं. घरी मावशीला सांगितलं, की गाडी येत असली म्हणजे बरं असतं, अडीअडचणीला उपयोगी पडते. मला लहानाची मोठी मावशीनंच केलं होतं. आपल्याकडे गाडी कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याचा पाय कायम त्या ब्रेकवर आणि डोळे माझ्यावर. एकदा पाऊस पडत होता, काच धुरकटली होती, आणि मी ऐटीत चौक ओलांडत होते. तेवढ्यात उजवीकडून एक टेम्पो आला.

“अगं ब्रेक दाब!”

दोघांनी एकदमच दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. वायपर तेवढे चालू होते... खर्र, खर्र. टेम्पोवाला काहीतरी बोलून निघून गेला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तो म्हणाला, माफ करा, तोंडातून ‘अगं’ निघून गेलं. मी मान न उचलता म्हणाले, आता निघालंय तर परत आत कशाला घालतोस. त्यानंतर ‘अहो’ संपलं.

प्रेम हा शब्द मात्र आम्ही कुणीच उच्चारला नाही. उच्चारून काय होणार होतं? सूट मिळाली तर तो जाणार होता. नाही मिळाली तर मोडून पडणार होता. मी दोन्हीकडून कात्रीत होते.

तिसऱ्या महिन्यात नंबर शून्य. सहाव्या महिन्यात शून्य. नवव्या महिन्यात डाव्या डोळ्याला पाव. चालणारं होतं ते, तरी त्यानं मला पुन्हा मोजायला लावलं. मग बारावा महिना उजाडला, शेवटची तपासणी. उजवा डोळा स्वच्छ. डाव्या डोळ्यासमोर मी भिंगं बदलत गेले. ही बरी का ती? ती. आता? हीच. अर्ध्या नंबराच्या भिंगाला तो शेवटची ओळ अडखळत वाचत होता, पावाच्या भिंगाला त्याहून जास्त अडखळत होता... असं मला वाटलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. अर्धा.

पेन हातात घेतलं आणि तिथंच थांबले. अर्धा लिहिला की संपलं. अर्ज जाणार नाही, तो इथंच राहील, उद्याही येईल, परवाही. त्या विचारासरशी मनात काय उसळलं, ते मी ओळखलं. तो आनंद होता. मला माझीच शिसारी आली. मी बघितलेला अर्धा खरा, की मला हवा होता म्हणून मला दिसला? भिंग बदलताना माझा हात घाईनं तर चालला नाही? तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. आता त्याला चेहरे चांगलेच दिसत होते.

मी कागद कोराच ठेवला. पेन खाली ठेवलं आणि त्याला म्हणाले, “तू डॉक्टरबाईंकडून तपासून घे. मी नाही करणार.”

त्याचा चेहरा पडला. मी अंग काढून घेतेय असंच त्याला वाटलं असणार. खुलासा करायची माझी छाती झाली नाही. आत जाऊन मी डॉक्टरबाईंना सांगितलं, याचा नंबर तुम्ही काढा, माझ्या हातचा धरू नका. त्यांनी कारण विचारलं. मी कोरा कागद त्यांच्या हातात दिला. चष्मा कपाळावर चढवत त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. पाठव त्याला. आणि तू बाहेर बस.”

मी बाहेर बसले. लोकांच्या नातेवाइकांमध्ये, लाकडी बाकावर. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग डॉक्टरबाई स्वतः दारात आल्या. त्यांनाही अर्धाच मिळाला होता. पण त्यांनी यंत्राखाली डोळा नीट बघितला होता. पडदा कोरडा पडला होता, ठिकठिकाणी खरखरीत झाला होता. दिवसभर उन्हातान्हात, धुळीत, गाडीची काच खाली करून बसणाऱ्या माणसाचा डोळा. कोरड्या डोळ्यावर नंबर खरा दिसत नाही. दर दोन तासांनी थेंब, तीन आठवडे गाडी बंद, मग बघू, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांनीच पुन्हा तपासलं. डाव्या डोळ्याला पाव नंबर होता. फक्त पाव.

मी पहिल्याच दिवशी अर्धा लिहून सही केली असती, तर त्याचं विमान माझ्या टेबलावरच कोसळलं असतं. आणि मी प्रामाणिकपणे लिहिलं असंच म्हणत आयुष्यभर स्वतःची समजूत घातली असती.

कागद गेले. मंडळानं बोलावलं, त्यांनी त्यांच्या यंत्रांखाली दोन दिवस तपासलं, आणि पुढं सात महिने काही कळलं नाही. त्या काळात तो दवाखान्यात यायचा, पण आमच्यात एक पातळ काच उभी राहिली होती. त्या दिवशी मी त्याला दुसऱ्या खोलीत का पाठवलं, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग पत्र आलं. सूट मिळाली होती, पण अर्धीमुर्धी. लढाऊ विमान मिळणार नव्हतं, माल आणि माणसं वाहणाऱ्या मोठ्या विमानांसाठी घेत होते. दोन दिवस तो दवाखान्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाला, उडायचं तर आहेच, पाठीवर ओझं घेऊन उडेन.

पत्र आल्यापासून नवव्या दिवशी तो निघाला. सकाळची बस होती. कोवळं ऊन, ओल्या फलाटावर झाडणारा माणूस, सामानाची एकच काळी पेटी. त्याची आई होती, मी होते. बस लागल्यावर त्याची आई पाण्याची बाटली आणायची म्हणून सांगून गेली. पेटीच्या कडीला भरलेली बाटली लटकत होती.

तेव्हा त्यानं विचारलं. “त्या दिवशी तू मला टाकून आत का गेलीस?”

चालकानं इंजिन सुरू केलं होतं. खोटं बोलायलाही वेळ नव्हता.

“कारण मला तुझा नंबर वाढलेला हवा होता,” मी म्हणाले.

मग त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

“म्हणजे मी आंधळा झालेला चाललो असतो तुला?”

“आंधळा नाही. पाव नंबरापुरता.”

तो हसला नाही. माझ्या हातातली पिशवी त्यानं घेतली, खाली ठेवली, आणि माझा हात धरून म्हणाला, “मला वाटलं होतं, तुला माझं काही पडलेलं नाही. सात महिने मी तेच घेऊन हिंडलो... आधी बोलली असतीस, तर मी गेलोच नसतो.”

“म्हणून तर नाही बोलले.”

आई परत आली, बाटलीशिवाय. बस निघाली.

प्रशिक्षणाची दोन वर्षं पत्रांत गेली. त्याची पत्रं लांबलचक, वाऱ्याची दिशा आणि ढगांची उंची सांगणारी, आणि शेवटी घाईघाईनं लिहिलेली एखादी ओळ, तीच मी आधी वाचायची. एकदा त्यानं लिहिलं, की आज पहिल्यांदा एकट्यानं विमान वर नेलं. वर गेल्यावर शेजारच्या सीटकडे बघितलं. रिकामी होती.

पहिल्या मोठ्या सुट्टीत तो दवाखान्यात आला नाही. भर दुपारी सरळ घरी आला. मावशीनं दार उघडलं. मी केस धुऊन, डोक्याला पंचा गुंडाळून, आतल्या दारात तशीच थिजून उभी. तो बसलाही नाही. मावशीला नमस्कार करून म्हणाला, मी हिला मागणी घालायला आलोय.

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घरदार, पगार, पत्रिका, काही विचारलं नाही. तिनं विचारलं ते एवढंच, “महिन्यातले किती दिवस घरी असशील?”

तो खोटं बोलू शकला असता. पण म्हणाला, “दहा. फार तर.”

मावशी माझ्याकडे वळली.

“दहा पुष्कळ झाले,” मी म्हणाले.

प्रत्यक्षात कधी सात मिळाले, कधी चार. कुठं पूर आला, कुठं जमीन हादरली, की तेही नाहीत. पुढं कितीतरी वर्षं मी ते दिवस हाताच्या बोटांवर मोजत काढले, भांडले, रुसले, एकटीनंच गाडी चालवत त्याला आणायला गेले. पण त्या दुपारी तो ‘एक’ म्हणाला असता ना, तरी मी पुष्कळच म्हणाले असते.