अंगठ्याची रेघ

म्हातारा बाहेरचं खात नसे. परक्या मुलखातल्या शहरात लेकीकडे येऊन महिना होत आला, तरी तिच्या हातचं सोडून त्याने घास घेतला नव्हता. त्या दिवशी लेकीला सुट्टी होती. ऑफिसातल्या कुणी तिला एक इराणी खानावळ सांगितली होती. एकदा जाऊन बघू, म्हणाली. म्हातारा नाही म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली की तिथे भात अजून तांब्याच्या पातेल्यात शिजवतात. म्हाताऱ्याने उठून बूट घातले.

"जेवायला नाही निघालात, बाबा," लेक म्हणाली. "पातेली तपासायला निघालात."

ते खरंच होतं. जन्मभर त्याने कल्हई केली होती. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने आतून चांदीसारखं पुसून काढायचं. शाळा चौथीपर्यंत. पण भांड्यात नजर टाकली की कल्हई किती दिवसांची ते तो सांगे, आणि कुणी शंका घेतली तर त्या घरचं काम पुन्हा हातात धरत नसे.

निघताना त्याने पिशवीत आपला गडू घातला. पाणी तो त्यातूनच पिई. गडूही तांब्याचा, वडिलांचा. गावच्या साऱ्या भांड्यांना कल्हई करणाऱ्याचा स्वतःचा गडू मात्र आतून लालभडक. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणून लोक चेष्टा करत. गडूच्या तळाशी नखाएवढी पांढरी कल्हई उरली होती आणि त्या पांढऱ्यात केसाएवढी उभी लाल रेघ होती. ते काम थोरल्या भावाच्या हातचं. त्यावर दुसरा हात फिरू द्यायचा नाही, असं त्याने चाळीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

भाऊ पुसणारा, हा भाता ओढणारा. एकदा वडील चारचौघांत म्हणाले, हात थोरल्याचाच, धाकट्याने जन्मभर भाताच ओढावा. दुसऱ्या दिवशी, भावाचा हात भांड्यात असताना, याने भात्याला एकच हिसका दिला. जाळ उसळला. वितळलेलं कथील उडालं. जखम भरली, पण भावाचा उजवा अंगठा उभा दुभंगला तो दुभंगलाच. तळाचा शेवटचा फेर अंगठ्याने बोळा दाबून द्यायचा असतो. तेव्हापासून भावाच्या प्रत्येक भांड्यात ती रेघ सुटू लागली आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. वर्षाच्या आत भाऊ घर सोडून गेला. एक पत्र आलं, ते याच शहरातून. पुढे काही नाही.

चुकून झालं, असं घरात सगळे धरून चालले. भाऊही. चुकून झालं नव्हतं हे एकट्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. लेकीला भेटायला आलो, असं तो सांगे. आला होता तो भावाला गाठून एक वाक्य बोलायला. परतीला तीन दिवस उरले होते आणि पत्त्यावरचं घर केव्हाच पाडलेलं निघालं होतं.

खानावळ रस्त्याच्या पाच पायऱ्या खाली होती. दुपार असूनही आत दिवे लावलेले. बाहेर आभाळ राखेच्या रंगाचं, आत भिंतींवर नक्षीची ताटं, जमिनीवर पावलांनी झिजलेला गालिचा. केशराचा आणि परतलेल्या कांद्याचा वास दाटला होता. त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता. म्हातारा दारातच थबकला.

"नवसागर," तो म्हणाला.

लेकीने हुंगून पाहिलं. तिला केशराखेरीज काही लागलं नाही.

खानावळीची मालकीण म्हाताऱ्याच्याच वयाची होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. काळे पडलेले, चिरा गेलेले हात. ती दोघांना मागच्या दाराजवळच्या टेबलाशी घेऊन गेली. तिथे शेजारी शेजारी दोन ताटं आधीच मांडलेली होती. लेक समोर बसली, तशी बाईने तिच्यासाठी तिसरं ताट आणलं. लेक तिथल्या भाषेत म्हणाली की आम्ही दोघंच आहोत. बाईने मान हलवली, पण ताट उचललं नाही.

मग पातेलं आलं. बाईने ते थाळीत उपडं केलं आणि अलगद उचललं. भात मुदीसारखा उभा राहिला, वर सोन्याच्या रंगाची खरपूस खरवड. ही पाहुण्याला द्यायची, असं ती म्हणते, लेकीने सांगितलं. म्हाताऱ्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायचा थांबला. घरी खरवडीवरून दोघा भावांची मारामारी होई. आई निम्मी निम्मी करून वाढी. नंतर याच्या भाताखाली भावाचीही निम्मी निघे. कशी आली, कुणी विचारत नसे.

सवयीने त्याने रिकामं पातेलं जवळ ओढलं, उजेडाकडे तिरकं धरलं. कल्हई आजची होती. दोन जेवणं झाली की पांढरं मंदावतं, हे अजून डोळ्यात खुपत होतं. त्याने तळ पाहिला.

तळाशी केसाएवढी उभी लाल रेघ होती.

"विचार तिला," तो म्हणाला. त्याचा आवाज लेकीला अनोळखी वाटला. "कल्हई कुणी केली, विचार."

लेकीने विचारलं. बाईने मागच्या दाराकडे बोट केलं.

म्हातारा उठला. पिशवीतला गडू हातात कसा आला, ते त्याला नंतरही आठवलं नाही.

मागे फरसबंद अंगण होतं, चारी बाजूंनी उंच भिंती. थंडी अंगाला चावत होती. भिंतीशी पातेली ओळीने मांडलेली, काही पांढरी झालेली, काही राहिलेली. मध्ये खड्ड्यात निखारे. ते विझत चालले होते, कारण भाता ओढायला कुणी नव्हतं. भात्याजवळ बुटकं स्टूल होतं, रिकामं. खड्ड्याच्या पलीकडे धूर उभा होता. वाऱ्याची झुळूक आली, तरी तो जागचा हलला नाही.

म्हातारा स्टुलावर बसला. गडू खड्ड्याच्या काठावर ठेवला. भात्याची मूठ धरली आणि ओढली. मान खालीच. पलीकडे पाहायची छाती होत नव्हती.

भाता श्वास घेऊ लागला... सोडू लागला... निखारे उजळले.

"हळू," धुरातून कुणीतरी म्हणालं. "हळू ओढ."

चाळीस वर्षांत त्याला हे कुणी म्हणालं नव्हतं. त्याने भात्याची लय मोडू दिली नाही.

"दादा," तो म्हणाला. "त्या दिवशी... मी मुद्दाम ओढला."

पलीकडे बोळा भांड्यावर फिरत होता. तो आवाज थांबला. मग नवसागर तडतडला, पांढराशुभ्र धूर उसळून त्याच्या नाकाडोळ्यांत गेला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या पाण्यात एक हात पुढे आल्यासारखा दिसला. त्या हाताने काठावरचा गडू उचलला.

"बाबा... कुणाशी बोलताय?"

लेक दारात उभी होती, मागे बाई. म्हाताऱ्याने डोळे पुसले. खड्ड्यात निखारे नव्हते. ओली राख होती, तिच्यावर कुजकी पानं. भात्याचं कातडं जागोजागी फाटलेलं, त्यातून वारा आरपार गेला असता. भिंतीशी पातेली मात्र होती. सगळीच्या सगळी पांढरी.

बाईने सांगितलं ते लेक घाबरत घाबरत म्हाताऱ्याला सांगत गेली. कल्हईवाला वर्षातून एकदा येई, याच दिवशी, एकटाच. पण भात्याशी कुणी नसतानाही भात्याचा आवाज चालू असे. काम झालं की त्या टेबलाशी जेवी आणि शेजारी दुसरं ताट मांडायला लावी. धाकटा येईल, म्हणे. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तिनेच त्याला मूठमाती दिली. तरी या दिवशी ती अंगणाचं दार उघडं ठेवते, पातेली बाहेर काढते आणि दोन ताटं मांडते. ती भीत नाही. भला माणूस होता.

मग बाईने म्हाताऱ्याला काही विचारलं. काम करताना कल्हईवाला एकच शब्द म्हणत राही. इथे कुणालाच तो कळत नसे. तिने तो शब्द उच्चारला, मोडका तोडका, पण ओळखू येण्यासारखा.

"हळू," म्हाताऱ्याने तो नीट म्हणून दाखवला. अर्थ सांगितला नाही.

काठावरचा गडू उचलून तो आत गेला आणि आपल्या ताटापुढे बसला. शेजारच्या ताटात त्याने निम्मी खरवड ठेवली आणि उरलेली खाल्ली. जेवण झाल्यावर गडूत पाणी घेतलं. ओठाला लावताना त्याचं लक्ष आत गेलं. गडू काठापासून तळापर्यंत चांदीसारखा पांढरा होता. तळाशी अंगठ्याचा फेर होता, गोल, पुरता. त्यात रेघ नव्हती.

त्याने पाणी संपवलं. गडू पिशवीत ठेवताना लेकीने त्याचा उजवा हात धरला आणि उजेडात वळवला. अंगठा मधोमध उभा दुभंगलेला होता. घाव ताजा नव्हता. कडा पांढऱ्या पडलेल्या, कातडी कधीच भरून आलेली.

"बाबा, हे कधी झालं? सकाळी नव्हतं..."

म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला.

"जुनं आहे," तो म्हणाला.