फाइलच्या पोटातला ‘माझा’

चिमटाच्या ऑफिसात अशील आलं की दाजी आधी चहाचं बघत आणि मग गुन्ह्याचं. चिमटा ही त्यांची मेहुणी, धंद्याने खासगी गुप्तहेर. बोलता बोलता नेमकं दुखतं तिथे धरायची, म्हणून घरातच हे नाव पडलेलं. निवृत्तीनंतर दाजी तिचा उजवा हात झाले होते, निदान दाजींचं तसं म्हणणं होतं.

आजची अशील मुंग्यांवर संशोधन करणारी मुलगी होती. तिने चहाला हातही लावला नाही.

“मी मासिकाला लेख पाठवला. संपादक म्हणतात, हाच मजकूर तुमच्या संस्थेच्या खुल्या कपाटात आधीच आहे, म्हणजे तुम्ही तो ढापला. संध्याकाळपर्यंत खुलासा दिला नाही, तर माझ्यावर चोरीचा शिक्का बसेल.”

“खुलं कपाट?” दाजींनी विचारलं.

“संस्थेच्या वेबसाइटवरची जागा. आमच्यातलं कुणीही तिथे फाइल टाकतं, टाकणाऱ्याचं नाव दिसत नाही. मासिकाला बिननावी मसुदा लागतो, म्हणून लेखावरही माझं नाव नव्हतं. तो मी फक्त नवऱ्याला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आणि आमच्या गाइड बाईंना दिला होता.”

चिमटाने कपाटातली फाइल उतरवून तिची माहिती उघडली. “हे कुठून येतं?”

“आमच्या संदर्भांच्या सॉफ्टवेअरमधून. जमवलेल्या लेखांची यादी त्यात ठेवतात. यादीतल्या नोंदीला फाइल जोडायची आणि बटण दाबायचं. नोंदीतलं शीर्षक, लेखक, खुणा, सगळं फाइलच्या पोटात लिहिलं जातं.”

या फाइलच्या पोटात शीर्षक होतं ‘मधमाश्यांचं घरकाम’. लेखकाची जागा रिकामी. खूण एकच: ‘माझा’.

“चोर तो चोर, वर ‘माझा’ म्हणतो,” दाजी तापले. “मधमाश्यांवर कोण काम करतं?”

“माझा सहकारी,” मुलगी हळूच म्हणाली.

चिमटाने आधी नवऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही.

“लेख ना? दुसऱ्या पानावर झोप लागली. तिला सांगू नका.”

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मुलीला घेऊन दोघं संस्थेत पोचले, तेव्हा सहकाऱ्याचं टेबल कागदांच्या ढिगाखाली गडप झालं होतं. “ते सॉफ्टवेअर हिने मला तीनदा शिकवलं,” तो म्हणाला. “पण स्क्रीनकडे बघितलं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. मी सगळं छापून वाचतो.”

“मनात पाप असलं की येतं पाणी,” दाजी बाहेर येऊन कुजबुजले.

बाईंच्या खोलीत खिडकीत मधमाश्यांचं रिकामं पोळं ठेवलेलं होतं. “माझ्या विद्यार्थिनीला चोर म्हणणाऱ्याला मी बघून घेईन,” त्या कडाडल्या. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, “आणि त्या कपाटाकडे बघतं कोण? मी माझा जुना लेख टाकला, इतके दिवस झाले, एका माणसाने विचारलं नाही.”

“एवढे लेख. सरमिसळ होत नाही?” चिमटाने विचारलं.

“छे. विद्यार्थ्यांच्या लेखांवर ‘मुलांचा’ अशी खूण घालते.”

“तो जुना लेख इथे उघडून दाखवता?”

बाईंनी यादीतल्या ‘मधमाश्यांचं घरकाम’ या नोंदीवर टिचकी मारली आणि स्क्रीनवर मुंग्या अवतरल्या. बाईंचा हात माउसवरच राहिला.

“नवरा संस्थेतला नाही, त्याला कपाटात फाइल टाकता येत नाही,” चिमटा म्हणाली. “सहकारी सॉफ्टवेअर वापरत नाही, मग बटण दाबणार कुठून? उरलात तुम्ही. मुलांच्या लेखांवर ‘मुलांचा’, तर स्वतःच्या लेखांवर काय असणार?”

“माझा,” बाई पुटपुटल्या. “स्वतःचं नाव कशाला लिहीत बसू?”

“हिचा मसुदा यादीत घेताना तो चुकून तुमच्या मधमाश्यांच्या नोंदीला जोडला गेला. शीर्षक बघून तुम्ही बटण दाबलंत आणि तीच फाइल कपाटात टाकलीत. तुमचा लेख तिथे गेलाच नाही, मग विचारणार कोण? दाजी, ‘माझा’ ही चोराची शेखी नव्हती, बाईंची सवय होती.”

“मला सहकाऱ्याबद्दल तशी शंकाच होती,” दाजी म्हणाले. कसली, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाईंचा चेहरा पडला होता. “पोरी, मीच तुला चोर ठरवलं गं,” असं म्हणून त्यांनी तिथूनच संपादकांना फोन लावला, चूक आपली असल्याचं दोनदा सांगितलं आणि लेख छापायला घेतो हे त्यांच्या तोंडून वदवून मगच फोन ठेवला.

मग त्यांनी मुंग्यांच्या लेखासाठी नवी नोंद केली. लेखकाच्या जागी मुलीचं नाव एकेक अक्षर वाचत लिहिलं. खुणेच्या जागी ‘मुलांचा’ लिहिलं, खोडलं आणि ‘तिचा’ लिहिलं.

मुलीने डोळे पुसले. “बाई, बटण दाबा,” ती म्हणाली. “नाहीतर पोटात जायचं नाही.”