चुरगळलेल्या नोटांची चोरी

ही गोष्ट कुणाला पटायची नाही, आणि पटावी असा आग्रहही नाही. ज्या खासगी गुप्तहेर मामांनी एकदा नुसत्या शिंकेवरून घरफोड्या पकडला होता, ते परदेशाच्या सहलीत, हॉटेलच्या खोलीत, कपाळाला आठ्या घालून उभे होते. शेजारी त्यांचा भाचजावई. गडी सरळ, पण डोकं बैलगाडीच्या चालीचं.

भाची रडकुंडीला आली होती. काल बदलून आणलेल्या सगळ्या नोटा पाकिटातून गायब! सकाळी सफाईवाली खोलीत येऊन गेली होती, म्हणून मॅनेजरने तिच्याकडच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. नोटा सापडल्या नाहीत तर तिची नोकरी गेलीच.

“पदरात पोरं आहेत हो माझ्या,” ती म्हणाली. “मी चादरी बदलल्या, टेबलावर अंथरलेला ओला टॉवेल उचलला. जळकट वास येत होता म्हणून खिडकी उघडली. बस्स!”

“तेव्हा तुम्ही सगळे कुठे होतात?” मामांनी भाचीला विचारलं.

“आगेमागे नाश्त्याला उतरलो. तुम्हीसुद्धा.”

“नोटा कशा होत्या?”

“चुरगळलेल्या. पण नोटा बदलून देणारा काउंटरवाला म्हणाला, पाण्यात पडल्या तरी भिजायच्या नाहीत. बाबाच कुरकुरले, असल्या नोटा दुकानदारापुढे धरायला लाज वाटेल म्हणून.”

बाबा, म्हणजे मामांचे भावोजी, खिडकीशी बसले होते. जन्मभर इस्त्रीचं दुकान चालवलेला माणूस.

“भावोजी, तुम्हाला काही दिसलं?”

“मला काय विचारतोस? गुप्तहेर तू ना!”

मॅनेजर म्हणाला, “सकाळी या खोलीने इस्त्री मागवली होती. आत्ताच परत नेली.”

“आणा ती.”

जावई कानाशी लागला, “मामा, बाईच आहे. उघड आहे.”

“जावईबापू, आधी स्वतःचा शर्ट बघा.”

शर्टाचा पार बोळा झाला होता. भाचीचा ड्रेस तसाच, बाबांची पँट तशीच. मामांचा कोट तर विचारूच नका.

इस्त्री आली. मामांनी ती उलटी केली. तळाला रंगीत कपटा चिकटला होता.

“इस्त्री मागवली, टॉवेल अंथरला, पण कुणाच्याही अंगावर इस्त्रीचा कपडा नाही. मग इस्त्री फिरली कशावर? नोटांवर! पाण्याने न भिजणारी नोट कागदाची नसते, प्लॅस्टिकची असते. तापली की आकसून मातीमोल. चोरी झालेलीच नाही. बाईंच्या किल्ल्या परत द्या.”

“पण हे केलं कुणी?” जावयाने विचारलं.

बाबांची मान खाली गेली. मामांनी तिकडे एकदा पाहिलं आणि घसा खाकरला.

“मी. म्हटलं, नोटा जरा कडक कराव्यात.”

“खोटं!” बाबा ताडकन उठले. “धादांत खोटं बोलतोय हा! याला इस्त्री कुठून धरायची तेसुद्धा ठाऊक नाही.” त्यांनी खिशातून नखाएवढ्या झालेल्या नोटा काढून लेकीच्या हातावर ठेवल्या. “गिऱ्हाइकाचा साधा रुमाल कधी जाळला नाही गं मी... म्हणून तोंड उघडवेना.”