हारूनचाचांचा सर्व्हर

काम तसं साधं होतं. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचा जुना सर्व्हर नाजनीनला रीतसर निवृत्त करायचा होता. कारखान्यातल्या कुणी कुठल्या कॉम्प्युटरवर बसायचं, कुणाचा पासवर्ड खरा, हे सगळं तोच ठरवायचा. शेजारी नवा सर्व्हर येऊन बसला होता. जुन्यानं त्याच्या हाती कारभार सोपवायचा आणि गुमान बाजूला व्हायचं, एवढंच. सुट्टीची दुपार होती, माग बंद होते आणि नाजनीनचा स्वतःच्या हातांवर पुरता भरवसा होता.

भरवसा नव्हता तो उदयसिंहांचा. हे नवे मॅनेजर. "जमलं नाही तर पुण्याची कंपनी बोलावतो. मग हे काम कायमचं त्यांच्याकडंच," असं त्यांनी आल्या आल्या सुनावलं.

"जमंल की सर," म्हणत ती जिना चढून वर सर्व्हरच्या खोलीत गेली. हारूनचाचांच्या हाताखाली तयार झालेली पोरगी ती, पुण्याच्या नावानं घाबरते होय! हा सर्व्हर चाचांनीच उभा केला होता. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले, आणि तेव्हापासून ती एकटीच सांभाळत होती.

पहिली अडचण आली : दुसरा सर्व्हर सापडत नाही. नाजनीन हसली. जुनं खोड पत्ते विचारायला स्वतःकडंच जात होतं. तिनं त्याला नव्याकडं विचारायला लावलं. मग स्क्रीनवर आलं : परवानगी नाही. हेही तिला ठाऊक होतं. सर्व्हरचं नाव चुकून पुसलं जाऊ नये म्हणून एका चौकटीत खूण केलेली असते, ती काढायची. तिनं काढली.

परवानगी नाही.

बघते तर खूण परत जागेवर. तिनं पुन्हा काढली आणि नजर तिथंच ठेवली. जुन्या सर्व्हरच्या कीबोर्डवर हलकेच आवाज झाला, टक्… आणि खूण उमटली. कुणाच्या नावानं उमटली ते तिनं पाहिलं. हारून. ते खातं तर तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

खालून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास येत होता, त्यात आता लवंगेचा वास मिसळला. चाचा कायम दाढेत लवंग धरायचे.

सर्व्हर जबरदस्तीनं उपटून काढायचीही सोय होती. पण तसं केलं की यंत्र जातं आणि त्याचं नाव आत हिंडत राहतं, बाकीची यंत्रं त्याला हाका मारत बसतात. असलं अर्धवट काम तिच्या अभिमानाला सोसणारं नव्हतं.

"चाचा…?"

टक्.

मग तिला तिची चूक कळली. चाचा विणकराच्या घरातले. खाली पाळी बदलताना जाणारा कारागीर मागावरचा हात उचलत नाही; येणाऱ्यानं 'घेतला' म्हटलं की मगच सोडतो. चाचांनी ती रीत वर आणली होती. साधी किल्ली दिली तरी ती 'घेतली' म्हणेपर्यंत मूठ उघडायचे नाहीत. सर्व्हर तेवढा तिनं मुकाट्यानं घेतला होता. देणारंच कुणी समोर नव्हतं, तर म्हणायचं कुणाला?

तिनं कोमट पत्र्यावर हात ठेवला.

"घेतला, चाचा… तुमचं सगळं काम मी घेतलं."

मग चौकटीतली खूण आपोआप नाहीशी झाली. या खेपेला काम पाण्यासारखं झालं. जुना सर्व्हर बंद पडला, आणि तिनं तपासला तो प्रत्येक कॉम्प्युटर नव्याच्या हुकमात उघडला. नाजनीनचा ऊर भरून आला. एकटीनं केलं होतं, आणि कुठंही बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती.

खोलीला कुलूप लावून ती खाली आली. उदयसिंह इंटरकॉमचा रिसीव्हर धरून उभे होते. चेहऱ्यावरचा ताठा पार उतरला होता.

"पुण्याचं रद्द. काम तुझ्याकडंच," ते म्हणाले. "हे म्हणतायत, पोरीनं माझ्यापेक्षा सफाईनं केलं. वर सोबत कुणी होतं, हे बोलली नाहीस?"

"वर…?"

"वरच्या खोलीतूनच बोलतायत की. घे, तुलाच बोलवतायत."

नाजनीननं ओढणी सावरली, मान ताठ केली आणि रिसीव्हर कानाला लावला. आधी एक जुनाट खोकला ऐकू आला.

"शाब्बास, बेटा… आता वर ये. पुढचं शिकवतो."