कांदा काढा त्या चित्रातून!

“हे चित्र कोणी काढलंय? बोलवा बरं त्याला जरा!”

सुमेधा कचेरीत शिरली ती अशी तणतणतच. डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांची ही प्रकाशनाची कचेरी. मुलांसाठी माहितीची पुस्तकं काढायची… समाजसुधारक, सणवार आणि आता नव्याने आजार. आजारांच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक, फिट येण्याविषयीचं, सुमेधाने शाळेतली नोकरी सांभाळून लिहिलं होतं. आणि चित्रात काय? वर्गात एक मुलगी फिट येऊन पडलीय आणि बाई तिच्या नाकाशी कांदा धरून बसल्यात!

कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून चहा गाळणारा तरुण वळला. गालावर निळ्या रंगाचा चांगला बोटभर फराटा.

“बोलवायला कशाला पाहिजे? मीच तो. धम्मपाल. चहा घेणार?”

“आधी कांद्याचं सांगा!”

“आमच्याकडे आंबिवलीत कांदाच हुंगवतात. नाहीतर चप्पल. मुलांच्या पुस्तकात चप्पल बरी दिसली नसती ना… म्हणून कांदा.”

“अहो, पानभर लिहिलंय मी! नाकाशी काही धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, मुलाला हळूच कुशीवर वळवायचं. वाचलंत तरी का?”

“चित्र आधी काढलेलं,” तो अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, “वाचायचं नंतर ठेवलेलं.”

आता यावर माणसाने रागवावं तरी कसं? सुमेधाने ओठ घट्ट मिटले, पण हसू आलंच.

“रागावून झालं असेल,” आतल्या टेबलावरून प्रकाशनाचे मालक प्रभाकरकाका म्हणाले, “तर दोघं बसून चित्रं नीट करून घ्या. दिवाळीच्या आत पुस्तक हातात हवंय मला.”

झालं! शाळा सुटली की सुमेधा कचेरीत हजर. खाली गिरणीची घरघर, वर रंगांचा आणि आल्याच्या चहाचा वास. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“तुझ्या सगळ्या समाजसुधारकांना एकच मिशी कशी रे?”

“बाबांची आहे. घरात मिशी तेवढी एकच.”

“आणि ही पुस्तकातली मुलगी? हिची वेणी ओळखीची वाटते…”

“असेल,” तो कागदावरून मान वर न करता म्हणाला. “समोर बसणाऱ्याने जरा लांब बसावं मग.”

ती लांब बसली नाही.

नवरात्रात त्याने विचारलं, “ठाण्यात टेंभी नाक्याला येतेस देवी बघायला? सणांच्या पुस्तकासाठी चित्रं काढायचीत. रात्री उशिरा गेलं की खरी मजा असते.”

“नको… घरी आवडत नाही,” सुमेधा म्हणाली.

साफ खोटं होतं ते. जागरण तिला डॉक्टरांनी मना केलेलं. सुमेधाला स्वतःलाच फिट यायची, अगदी सातवीपासून. कल्याणचं एक स्थळ ठरत आलेलं, तिने खरं सांगितलं आणि ती माणसं पुन्हा फिरकली नाहीत. तेव्हापासून आईने बजावलेलं, आता कुणाला सांगायचं नाही. आणि आता तर सुमेधालाच सांगायचं नव्हतं. हा निळ्या गालाचा माणूस तिला गमवायचा नव्हता.

शेवटचं चित्र मात्र जमेना. फिट थांबलीय, मुलगी डोळे उघडतेय. धम्मपालने ते तीनदा काढलं, तिने तीनदा परत केलं.

“अगं, चुकलंय काय?”

“सगळं बरोबर आहे. पण… असं नसतं.”

“मग कसं असतं?”

“आधी पंखा दिसतो. मग माणसं, सगळी उभी, वरून वाकलेली. ओळखीची असतात, पण नावं आठवत नाहीत. जीभ चावलेली असते. आणि लाज वाटते रे… आपण काय केलं ते आठवत नाही, तरी लाज वाटते.”

धम्मपालचा ब्रश थांबला.

“सुमेधा… हे पुस्तकात नाहीये.”

“नाहीये,” ती म्हणाली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं… गोळ्या, कल्याणचं स्थळ, टेंभी नाक्याचं खोटं. त्याच्याकडे न बघताच ती पर्स उचलून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी धम्मपाल आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन नाही की मेसेज नाही. घ्या, हाही गेला! सुमेधाने शाळेत पोरांवर उगाच आवाज चढवला आणि घरी येऊन पोटभर रडून घेतलं.

मग प्रभाकरकाकांचा फोन. “चित्र आलंय. बघून जा.”

टेबलावर चित्र होतं. जमिनीवर पडलेल्या मुलीला दिसतं तसं… वर पंखा, भोवती वाकलेले चेहरे. आणि अगदी जवळ एकच चेहरा, तिच्याच पातळीवर, लादीला गाल टेकवून तिच्याकडे बघणारा. गालावर निळा फराटा.

“हा कोण?” मागे कोण उभं आहे ते तिला कळलं होतं.

“वर्गातला मुलगा.”

“गालाला रंग?”

“चित्रकलेचा तास असेल…”

“दोन दिवस कुठे होतास?”

“घरात जमिनीवर. सगळ्यांना भोवती उभं करून खालून बघत होतो. आई बाहेरून आली ती घाबरलीच, कांदा घेऊन धावली.”

सुमेधा डोळे पुसता पुसता हसली. “मग?”

“मग तिला तुझं पुस्तक वाचून दाखवलं. तुझ्या फिटचं नाही सांगितलं. ते तुझं आहे, तू ठरव. मी फक्त म्हटलं, ही लिहिते ना, तिच्याशी मला लग्न करायचंय.”

“आणि… त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाली, आधी जमिनीवरून ऊठ.”

सुमेधाने त्या चित्रातल्या गालावरून बोट फिरवलं. रंग अजून ओला होता, बोटाला लागला.

“रविवारी येते आंबिवलीला,” ती म्हणाली. “आईंना मीच सांगेन माझं. त्या नाही म्हणाल्या तर?”

“तर मी परत आडवा पडेन.”

“बरं. पण तुमच्या घरात कांदा यापुढे फक्त भाजीत!”

“मान्य,” धम्मपाल म्हणाला आणि चहा गाळायला वळला. या वेळी त्याने न विचारताच दोन कप घेतले.