शिट्टीबाईंचं लग्न ठरलं म्हणे!

सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या वळणावर मृणालने शिट्टी फुंकली, आणि उलट्या बाजूने येणारी एक स्कूटर घाबरून थेट फळवाल्या कल्पेशभाईंच्या केळ्यांत शिरली.

मृणाल सामंत शाळेत खेळ शिकवायची. नोकरीसाठी कुडाळहून सिल्वासात आलेली, ताठ मानेची, चटचट चालणारी. शाळा सुटली तरी तिच्या गळ्यातली शिट्टी काही सुटायची नाही. रस्त्यात कोणी चुकीच्या बाजूने गाडी घातली की हात आपोआप शिट्टीकडे जायचा. आता सवयीला कोण काय करणार?

"बेन, जरा संभाळून ना! माझ्या मालाची चटणी झाली," कल्पेशभाई कळवळले.

स्कूटरवाला उठला. केसांत केळ्याचं साल, चष्मा एकाच कानावर. त्याने ओरडावं, भांडावं, तर तो नुसता तिच्याकडे बघत उभा.

"लागलं का?" मृणालने विचारलं.

"अजून नक्की कळलं नाही."

"मग एवढं काय बघताय?"

"नाक…" तो म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे — छान आहे. सोपं आहे."

सोपं नाक! मृणालला आजवर आगाऊ म्हणणारे पुष्कळ भेटले होते, पण नाकाला सोपं म्हणणारा हा पहिलाच. ती तरातरा निघून गेली. घरी आल्यावर मात्र तिने आरशासमोर जरा जास्तच वेळ काढला.

त्या नाकाचा उलगडा पुढे पंधरवड्याने झाला, आणि तोही पेपरातून.

'दैनिक पूर्वकाठ'च्या शेवटच्या पानावर 'चौथी पाळी' नावाची चार चौकटींची चित्रमालिका रोज यायची. कारखान्यात पाळ्या तीन, चौथी घरची, आणि सगळ्यांत अवघड तीच, असा तिचा एकूण नूर. नायक बॉबिनराव, सूत कारखान्यातला कामगार. त्याचा डबा रोज कोणीतरी भलताच खाऊन जायचा. सिल्वासात लोक पेपर मागून पुढे वाचायचे. बाजारभाव नि निवडणुका सगळं बॉबिनरावांनंतर. जवळच्या राखोलीच्या कारखान्यांत कोणाचा डबा हरवला की "त्याचा बॉबिन झाला" असं म्हणायची रीतच पडली होती. कल्पेशभाई तर मराठी वाचायला शिकले तेच या चौकटींवर बोट ठेवून.

त्या दिवशी बॉबिनरावांच्या गल्लीत एक नवी बाई आली. उंच, ताठ, नाक एका रेघेत काढलेलं, गळ्यात शिट्टी. नाव — शिट्टीबाई.

शाळेच्या मैदानावर सगळा वर्ग फिसकन हसला. रिक्षावाल्यांनी सलाम ठोकले. कल्पेशभाईंनी तर ते चित्र कापून दुकानाच्या काचेवर चिकटवलं. सगळ्यांत नवल म्हणजे पाटी लावून जे जमलं नव्हतं ते झालं, वळणावर उलट्या बाजूने कोणी येईना! मृणालला राग आला होता, आणि थोडीशी ऐटही वाटत होती, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

"कोण काढतं हे?" तिने कल्पेशभाईंना दरडावलं.

"पेलो स्कूटरवाला केदार, बीजो कोण! राखोलीला सूत तपासतो. सारो छोकरो छे, बेन."

केदार सोनवणे मूळचा अमळनेरचा. दिवसा कारखान्यात धागा तपासायचा आणि पाळी संपली की चित्रं काढायचा. मृणालने त्याला कारखान्याच्या फाटकाशीच गाठलं.

"मला न विचारता मला पेपरात घातलंत?"

"विचारायला आलो असतो, पण तुम्ही शिट्टी वाजवता."

"मी चिडलेय, कळतंय का?"

"कळतंय ना," तो शांतपणे म्हणाला. "पण मी पंधरा दिवस आधी चित्रं पाठवतो. आत्ताचा राग छापून येईल तेव्हा तुम्ही तो विसरलेल्याही असाल."

मृणालला हसू आवरेना. हसू आलं की भांडणाचा पायाच खचतो. तरी तिने जाता जाता अट घातली, "यापुढे शिट्टीबाईंचं प्रत्येक चित्र आधी मला दाखवायचं. रविवारी. नदीवर."

झालं! राखोलीला दमणगंगेच्या काठी रविवार जाऊ लागले. तो पेन्सिलीने काढायचा, ती खोट काढायची. "शिट्टीबाई एवढी चिडकी नाही." "आहे." "नाही म्हटलं ना!" "हे बघ, आत्ता…" बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही समजलं नाही. पुढे तिने ब्रश हातात घेतला आणि शिट्टीबाईंचे केस शाईने भरायचं काम तिच्याकडे आलं. एकदा भाद्रपदातली सर अंगावर आली, तेव्हा त्याने अंगातला रेनकोट काढून चित्रांवर धरला. मग तिच्याकडे पाहिलं, ओशाळला, आणि तोच तिच्या डोक्यावर धरला. चित्रं भिजली. शाई ओघळून त्याच्या मनगटावर आली, आणि तिने ती ओढणीने पुसली. पंधरा दिवसांनी बॉबिनरावांना सर्दी झाली आणि अख्खं सिल्वासा गालात हसलं.

सगळं गावाला कळत होतं. केदार मात्र तोंड उघडायचा, चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "शाई संपत आलीये."

दिवाळीला मृणाल कुडाळला गेली. आईने, सुलभाताईंनी, ठाण्याचं एक स्थळ हाताशी धरून ठेवलं होतं. बँकेतला मुलगा, वर स्वतःचं घर. मृणालने पोहे दिले, दोन वाक्यं बोलली आणि रात्रीच्या जेवणाला आईला सांगून टाकलं, "नाही. मला नाही करायचं." आई रुसली. मृणालने मनाशी ठरवलं, आता त्या शाईवाल्याला सरळ आपणच विचारायचं.

पण इकडे सिल्वासात तिची घरमालकीण कमळाबाई, केदारच्याच खानदेशची! जीव लावणारी बाई, पण कानावर अर्धं पडलं तरी तोंडून दीड बाहेर. "मुलगा बघायला जातेय" हे जाताना ऐकलेलं वाक्य केदारच्या कानी जाईपर्यंत "साखरपुडा झाला" असं झालं होतं. भित्र्या माणसाला वाईट बातमी लगेच पटते. केदारने ना फोन केला ना शहानिशा; आधी पाठवलेली चित्रं मागे घेऊन पेपरला तातडीने नवी मात्र पाठवली.

मृणाल परतली ती रविवारची संध्याकाळ. नदीवर कोणी नव्हतं. फोन लागेना. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात चार बायका, हातात नारळ.

"पोरी, तुन्हं लगीन ठरनं ना!" कमळाबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवली.

"कोण म्हणतं? माझं लग्न ठरलेलं नाही."

"अशी कशी नही? पेपरमा छापेल शे!"

कमळाबाईंनी पेपर पुढे केला. शिट्टीबाई बॅग भरत होत्या, आणि शेजारणी कुजबुजत होत्या, 'शिट्टीबाईंचं लग्न ठरलं म्हणे!'

आता छापून आलेल्या गोष्टीपुढे जित्या माणसाचं कोण ऐकतं? आठवडाभर मृणाल घसा सुकवून "नाही, नाही" म्हणत होती आणि शाळेतल्या शिक्षिका तिला डोळे पुसत मिठी मारत होत्या. कारखान्यात विचारावं तर शाळा सुटेपर्यंत केदार दुसऱ्या पाळीला आत गेलेला, आणि फोन बंद. मृणालही हट्टाला पेटली. त्याला एवढंसुद्धा विचारता आलं नाही? मग राहू दे!

शनिवारी ती कल्पेशभाईंच्या दुकानात शिरली. कल्पेशभाईंनी पेपर तिच्या हातात दिला.

पहिल्या चौकटीत नदी. दुसरीत काठावर एकटाच बॉबिनराव. तिसरीत तो पाण्याला सांगत होता, 'माझं तिच्यावर प्रेम आहे. तिला सांगायला हवं होतं. तिच्यासमोर मला बोलताच येत नाही.' चौथीत पुन्हा नदी, आणि खाली बारीक अक्षरात: उद्या शेवटचा भाग.

मृणालने ते पुन्हा एकदा वाचलं. तिला रडू येत होतं, हसू येत होतं आणि त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता.

"अख्ख्या सिल्वासाला सांगितलं!" ती म्हणाली. "मलाच तेवढं नाही!"

"एनी बदली झाली, बेन," कल्पेशभाई हळूच म्हणाले. "स्वतः मागून घेतली. सोमवारी भरूचला जातो. ले, मारी गाडी लई जा!"

राखोलीच्या कॅन्टीनमध्ये पहिली पाळी सुटलेली आणि दुसरी आत जायची होती. केदार चहाचा पेला घेऊन बसला होता. तिला पाहून तो उभा राहिला आणि चहा सांडला.

"अभिनंदन," तो कसंबसं म्हणाला.

"कशाचं? मी नाही म्हणून आले. दिवाळीतच!"

"पण कमळाबाई…"

"कमळाबाईंना विचारलंस, मला का नाही विचारलंस?"

केदार मटकन बाकावर बसला. "उद्याचा भाग गेलाय, मृणाल. शिट्टीबाई बसमध्ये बसते. संपलं."

"पान छापायला कधी लागतं?"

"संध्याकाळी."

"मग संपलं कसं? लाव फोन संपादकांना!"

संपादक अरविंदराव आधी ओरडले. मग म्हणाले, "अहो, सकाळपासून लोक फोन करून माझ्या कानाला भोकं पाडतायत. पाठवा दुसरा, लवकर!"

केदारने घाईघाईने कागद ओढला. भोवती ही गर्दी जमली. कोणी म्हणे बस पंक्चर करा, कोणी म्हणे "भाऊ, बॉबिनले विमानमा बसाड!" केदारने पेन्सिल टेकवली, तोच मृणालने कागदावर हात ठेवला.

"आधी मला सांग. मग काढ. दर वेळी मला पेपरातून कळायचं का?"

केदारने चष्मा काढला… पुसला नाही. खिशात टाकला.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. आवाज फाटला, पण थांबला नाही. "पहिल्या दिवसापासून. त्या केळ्यांतून उठलो तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?"

"करेन," मृणाल म्हणाली. "म्हणून तर आले, वेड्या."

असा गलका उठला की दुसऱ्या पाळीचा भोंगा कोणालाच ऐकू गेला नाही. त्या गलक्यातच केदारने चित्र काढलं, मृणालने केस भरले आणि भोवतीच्या प्रत्येकाने काही ना काही सुचवलं. चौथ्या चौकटीत बॉबिनराव नि शिट्टीबाई एकाच डब्यातून जेवत होते. 'समाप्त'च्या जागी लिहिलं होतं, 'चौथी पाळी सुरू'.

रविवारी पेपर सकाळीच संपला. बदली केदारने शनिवारीच रद्द करून घेतली होती, आणि तो कल्पेशभाईंच्या दुकानात लोकांचे हात हातात घेऊन थकला होता. एवढ्यात मृणालचा फोन वाजला. आईचा होता. सुलभाताईंच्या फोनवर ते चित्र सकाळपासून पाच जणांनी पाठवलं होतं.

"मृणाल, हे पेपरात आलंय ते खरं का गं?"

सगळं दुकान कान टवकारून उभं राहिलं. कमळाबाई तर स्टुलावरून उठल्याच.

"खरं आहे, आई," मृणाल मोठ्याने म्हणाली. "लग्न ठरलंय माझं. मी ठरवलंय."

 पलीकडून एक सुस्कारा, आणि पाठोपाठ, "बरं… पण बॉबिनराव मासे खातो का, ते तेवढं विचार."

मृणालने केदारकडे पाहिलं. खानदेशच्या त्या शाकाहारी पोराने डोळे मिटले आणि जोरजोरात होकाराची मान हलवली.

"खातो म्हणतोय, आई," मृणाल म्हणाली, आणि त्याचा हात तिने सगळ्यांच्या देखत घट्ट धरला.